पहिल्या पेटीतले गहू

आमच्या पोंक्षे घराण्यात चूक कबूल करायची पद्धत नाही. माझे वडील आयुष्यात एकदाच ‘असेल बुवा तुमचं बरोबर’ असं म्हणाले होते, तेही डॉक्टरांना, आणि तेही एकशेतीन ताप असताना. तेव्हा मी, गोपाळकृष्ण पोंक्षे, राहणार नारायण पेठ, हे जे सांगणार आहे ते मला किती जड जातंय याची कल्पना करा आणि मध्ये बोलू नका.

वाघोलीला माझा कारखाना आहे. कारखाना म्हणायचं आपलं. पत्र्याची शेड, सतरा माणसं आणि एक कुत्रं. हॉटेलांसाठी कणीक मळायची यंत्रं करतो. वडिलांनी १९७४ साली पेठेतल्याच एका खोलीत सुरुवात केली, मी ते वाघोलीला नेलं. एक्याण्णव सालानंतर पेपरांत रोज यायचं, आता जग खुलं झालं, तिकडचा माल इकडे, इकडचा माल तिकडे. तिकडचा माल इकडे आलेला मी पाहिला. इकडचा तिकडे न्यायला मात्र वीस वर्षं माझ्या दारात कोणी आलं नाही. मी वाट बघत होतो. म्हणजे त्यासाठी मी काहीही करत नव्हतो.

दीक्षा रामटेके आमच्याकडे २००९ साली आली, डिस्पॅचला. माल बाहेर जाताना त्याचे कागद करायचे, ट्रकवाल्यांशी डोकं लावायचं, हे तिचं काम. वय चोवीस, बी. कॉम. वडील रतनराव भंडाऱ्याकडून पुण्याला आलेले, नगर रोडवरच्या एका कंपनीत फिटर होते. ती कंपनी बंद पडल्यापासून घर या मुलीच्या पगारावर चालायचं, हे मला माहीत होतं. पहिल्याच आठवड्यात तिने एका मिशाळ ट्रकवाल्याला आवाज न चढवता असं गप्प केलं, की मी केबिनच्या काचेतून बघतच राहिलो. मी तिला अहोजाहो करायचो. कारखान्यात सगळ्यांनाच करतो. त्याने टोमणा नीट बसतो.

दोनएक वर्षांनी एका सकाळी ती केबिनमध्ये आली.

‘सर, मी एमबीएला प्रवेश घेतलाय. इंटरनॅशनल बिझनेस. सगळं ऑनलाइन आहे, नोकरी सोडणार नाही. फक्त सकाळी आठ ते नऊ इथला कॉम्प्युटर वापरू का? घरी नेट चालत नाही.’

‘म्हणजे कॉलेज नाही?’

‘नाही.’

‘फळा नाही, बाक नाहीत, मास्तर नाहीत.’

‘मास्तर आहेत. स्क्रीनवर दिसतात.’

‘आणि अभ्यास नाही केला तर ओरडायला कोण?’

‘तुम्ही आहातच की, सर.’

ही अशी. मी परवानगी दिली, कारण दुसरं उत्तर मला वेळेवर सुचलं नाही.

मग रोजचं सुरू झालं. मी साडेआठला पोचायचो तेव्हा ही कानाला हेडफोन लावून बसलेली. समोर लांब वही, त्यात बारीक अक्षर. बाहेर ग्राइंडर सुरू झाला की ती हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरायची आणि बोटांत पेनही धरायची, ते कसं जमायचं देव जाणे. गुरुवारी आमच्याकडे वीज नसते म्हणून कारखान्याला सुट्टी. वर्गाला सुट्टी नसायची. तेव्हा ही बाई दोन बस बदलून कोथरूडला एका सायबर कॅफेत जायची, कारण त्याच्याकडे इन्व्हर्टर होता. आम्ही कॉलेजात असताना शेजारच्या गल्लीतून तासाला जायचा कंटाळा करायचो.

तिच्या वर्गात कोण होतं म्हणाल, तर एकजण कोइमतूरचा, एकजण दुबईचा, आणि एक बाई थेट ब्रिस्बेनची, तिथल्या बंदरावर माल सोडवून देणाऱ्या ऑफिसात कामाला. एकमेकांची तोंडं कधी बघितलेली नाहीत, पण रोज लिहून बोलायचे. मी येता-जाता विचारायचो, ‘काय म्हणतंय तुमचं बिनभिंतींचं कॉलेज?’ ती म्हणायची, ‘आज जहाजावरच्या कंटेनरमध्ये घाम कसा साठतो ते शिकवलं, सर. आपली यंत्रं गंजतील अशा पॅकिंगने.’ मी हूं करून पुढे जायचो आणि केबिनचं दार लावून त्यावर विचार करत बसायचो. कौतुक वाटायचं हो. दाखवायचो नाही. तीही आमच्यात पद्धत नाही.

पुढे त्यांना गृहपाठ आला. एखादा माल घ्या, परदेशातलं खरंखुरं गिऱ्हाईक शोधा आणि त्याला पत्र लिहा. बाकीच्यांनी बहुतेक मनातला माल आणि मनातलं गिऱ्हाईक घेतलं असावं. हिने माझं यंत्र घेतलं. विचारायला आली तेव्हा मी म्हटलं, ‘लिहा, लिहा. उत्तर आलं तर मला फ्रेम करून द्या.’

तिने किती जणांना लिहिलं मला ठाऊक नाही. चार महिन्यांनी एका सकाळी माझ्या टेबलावर फ्रेम होती. काच लावून, मागे अडकवायला कडी बसवून. आत मेलबर्नच्या एका व्यापाऱ्याची ईमेल. तिथे आपल्या लोकांची हॉटेलं वाढलीत, त्यांना पोळ्यांची कणीक मळायला यंत्रं हवीत, तुमच्या यंत्राचा व्हिडिओ पाठवा. मी फ्रेम घेऊन बाहेर गेलो आणि म्हटलं, ‘भिंतीला खिळा ठोकायला कुणाला सवड आहे का?’

पुढचे दोन महिने तिनेच पत्रं लिहिली, तिनेच उत्तरं दिली. शेवटी ऑर्डर आली, बारा यंत्रं, चार लाकडी पेट्या. त्या माणसाने स्पष्ट लिहिलं होतं की तिकडे हॉटेलवाल्यांचं प्रदर्शन आहे, माल त्याच्या आधी हातात पडला तर पुढे दर तीन महिन्यांनी घेईन. बंदरात अडकला तर माझ्यापाशी दुसरी कंपनी आहे. एवढं सरळ. अडतीस वर्षं आम्ही जे केलं ते देशाबाहेर जाणार की नाही, हे आता त्या चार पेट्यांवर होतं.

दीक्षाने पेट्यांचं लाकूड भट्टीत तापवून आणलं, कारण तिकडे साधं लाकूड चालत नाही, त्यात किडे असतात म्हणे. प्रत्येक फळीवर शिक्का मारून घेतला. आमचे फोरमन रंगराव, वाघोली गावचेच, हात कपाळाला लावून म्हणाले, ‘ताई, लाकडाला बी आंघोळ घालत्याती व्हय?’ ती म्हणाली, ‘हो, मामा. आणि पेटीत गवत, पेंढा काही टाकायचं नाही.’ रंगरावांनी नाही टाकलं. गवत नाही, पेंढा नाही. शब्दाला पक्का माणूस.

आता आमची एक चाल सांगितली पाहिजे. वडिलांपासूनची आहे. नवं मॉडेल किंवा नव्या गावाला पहिलं यंत्र निघालं, की त्या यंत्राच्या भांड्यात मूठभर गहू लाल फडक्यात बांधून ठेवायचे. घेणाऱ्याचं यंत्र कधी रिकामं फिरू नये म्हणून. वडिलांनी सोलापूरला पाठवलं तेव्हा ठेवले, इंदूरला पाठवलं तेव्हा ठेवले. मी शेवटचे ठेवले त्याला सहा वर्षं झाली होती. दीक्षा तेव्हा आमच्याकडे नव्हतीच.

पेट्या भरायचा दिवस बुधवार ठरला. नेमका त्या दिवशी दीक्षाचा शेवटचा पेपर. शिकवणी ऑनलाइन असली तरी परीक्षा कोथरूडला केंद्रावर द्यायची होती. ती रजेवर. माझी बायको सुनीती ताट घेऊन आली. हळदकुंकू, अक्षता, झेंडूची फुलं. पहिल्या पेटीला आतून आंब्याच्या पानांचं छोटं तोरण लावलं. मी वडिलांचा फोटो आणला होता, तो समोर ठेवून गहू भांड्यात ठेवले. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांनी अक्षता टाकल्या, रंगरावांनी नारळ फोडला आणि झाकणं ठोकून पट्ट्या आवळल्या. शुक्रवारी अकराला ट्रक येणार होता.

शुक्रवारी दीक्षा नेहमीसारखी आठला आली. वर्ग संपला होता, पण सवय. रंगरावांनी तिला कौतुकाने सगळं सांगितलं. मी साडेआठला आलो तेव्हा ती पहिल्या पेटीजवळ उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर रंग नव्हता.

‘सर, ही पेटी उघडायला लागेल.’

‘का?’

‘आत गहू आहेत. आंब्याची पानं आहेत, तांदूळ आहेत. ऑस्ट्रेलियात बी, पान, धान्य काही चालत नाही, सर. सगळी शेती वाचवायला ते फार कडक असतात. एक दाणा सापडला तरी माल अडवतात. ब्रिस्बेनची ती बाई रोज हेच काम करते, तिनेच लिहिलं होतं, एकाच्या फर्निचरबरोबर पेंढा गेला तर महिनाभर माल बंदरात पडून होता.’

‘मूठभर गव्हाने त्यांची शेती बुडणार?’

‘त्यांना तसं वाटतं. आणि देश त्यांचा आहे.’

सतरा माणसं कामं सोडून बघायला लागली होती. माझ्या वडिलांचा फोटो अजून तिथेच स्टुलावर होता. माझं डोकं फिरलं.

‘अहो रामटेके, चार दिवस कॉम्प्युटरवर शिकलात म्हणून आमच्या घरच्या चालीरीती तुम्ही मोडणार? तो प्रसाद आहे. माझ्या वडिलांनी ठेवलेला आशीर्वाद आहे.’

‘मला कळतंय, सर. पण तिथल्या माणसाला तो फक्त गहू दिसणार.’

आणि मग मी ते बोललो. मी म्हणालो, ‘तुमच्यात हे असलं काही नसतं ना, म्हणून तुम्हाला तो कचरा वाटतो.’

रंगरावांनी मान खाली घातली. कुणीतरी ग्राइंडर बंद केला.

दीक्षा माझ्याकडे बघत होती. खाली नाही, बाजूला नाही, माझ्याकडे.

‘आमच्यात काय असतं ते नंतर सांगते, सर,’ ती म्हणाली. ‘आधी पेटी उघडू या. ट्रक अकराला येतोय.’

‘पेटी उघडायची नाही. आणि जास्त बोललात तर उद्यापासून येऊ नका म्हणेन मी.’

‘उद्या म्हणा. आज हे बघा.’

तिने फाईलमधून एक कागद काढून माझ्यासमोर पेटीवर ठेवला. मालाबरोबर जाणारं हमीपत्र होतं. इंग्रजीत होतं, मी वाचलं. या पेट्यांमध्ये बी, धान्य, पानं, गवत, माती यांतलं काहीही नाही, असं आम्ही प्रामाणिकपणे लिहून देतो. खाली सहीची जागा रिकामी.

‘यावर मी आज सही करणार होते,’ ती म्हणाली. ‘आता मला करता येणार नाही. तुम्ही मालक आहात. तुम्हाला करता येईल.’

मी पेन काढलं. अगदी टोपण काढून टोक कागदाला लावलं. पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू नये म्हणून तिने त्याच्यावर हात ठेवला होता. सही माझी असो की तिची, कागद तिनेच जपायचा. मला एकदम समजलं की ही मुलगी नोकरी पणाला लावून उभी आहे, घरी कमावणारं दुसरं कोणी नाही, आणि कशासाठी, तर माझ्या पेट्या पोचाव्यात म्हणून. मी मात्र माझ्याच वडिलांच्या फोटोसमोर खोटी सही करायला निघालो होतो.

रंगराव हळूच म्हणाले, ‘मालक, पोरगी म्हनती ते खरं हाय. उघडू का?’

मी पेनाचं टोपण लावलं. ‘उघडा,’ म्हटलं.

पट्ट्या कापल्या, झाकण निघालं. दीक्षाने चपला काढल्या आणि मग आत वाकली. मला ते दिसलं. गव्हाची पुरचुंडी तिने दोन्ही हातांनी उचलली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

‘ही घरी न्या, सर. काकूंना द्या.’

मग तोरण काढलं, फुलं काढली, एक एक अक्षत वेचली. अक्षता फळ्यांच्या फटींत जाऊन बसल्या होत्या. रंगरावांनी ब्रश फिरवला, ओलं फडकं फिरवलं, तरी ती आपली आत डोकं घालून. एक दाणा कोपऱ्यात असा अडकला होता की निघेना. तिने केसांतली पिन काढली आणि तिच्या टोकाने तो उकरून काढला. मी टॉर्च धरून उभा होतो. मालक म्हणून माझं त्या दिवशीचं काम तेवढंच. उरलेल्या तीन पेट्याही तिने उघडायला लावल्या. रंगराव म्हणत होते, त्यांत काही नाही. ती म्हणाली, ‘बघितल्याशिवाय मी सही कशी करू, मामा?’ तिसऱ्या पेटीत झेंडूच्या पाकळ्या सापडल्या.

अकराला ट्रक आला. ड्रायव्हरला तिने चहा पाजला आणि तासभर थांबवलं. बाराला तिने सही केली आणि पेट्या गेल्या.

दुपारी मी घरी आलो, पुरचुंडी सुनीतीच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. मी काय बोललो तेही सांगितलं, कारण बत्तीस वर्षांच्या संसारात तिच्यापासून काही लपलेलं नाही. ती म्हणाली, ‘असं म्हणालात तुम्ही? तिला? सगळ्यांसमोर?’

‘हो.’

‘आणि तरी ती पेटी साफ करत बसली?’

‘हो.’

‘मी असते ना,’ सुनीती म्हणाली, ‘तर पेटी तश्शी जाऊ दिली असती.’



सहा आठवड्यांनी मेलबर्नहून ईमेल आली. दीक्षाने ती छापून माझ्या टेबलावर ठेवली, फ्रेमशिवाय. माल प्रदर्शनाच्या आधी पोचला होता. त्या माणसाने लिहिलं होतं की तपासनीसाने चारांतली एकच पेटी उघडायला सांगितली, पहिली. यंत्राच्या भांड्यात टॉर्च मारून बघितलं, कोपऱ्यांतून बोट फिरवलं आणि पाच मिनिटांत सोडून दिली. पुढची ऑर्डर खाली जोडली होती.

भांड्यात टॉर्च मारून. मी ते वाक्य तीनदा वाचलं. मी गहू तिथेच ठेवले होते.

आता तुम्ही म्हणाल, मग तेव्हाच माफी मागितली असेल. नाही मागितली. रोज ठरवायचो, रोज काहीतरी निघायचं. ती पूर्वीसारखीच बोलायची, त्या दिवसाचा शब्द नाही, चेहऱ्यावर आठी नाही. मला वाटायचं, विसरली असेल. हे आपलं मी स्वतःची समजूत घालायला. असलं कोण विसरतं?

जूनमध्ये तिचा निकाल लागला. प्रथम श्रेणी, आणि त्या बिनभिंतींच्या वर्गात तिसरी. ती पेढ्यांचा बॉक्स घेऊन केबिनच्या दारात आली. सोबत रतनराव होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, मुलीच्या दोन पावलं मागे. मी उठलो. म्हटलं, ‘इथे नको. बाहेर चला.’

शेडमध्ये जिथे पेट्या ठेवल्या होत्या तिथे गेलो आणि सगळ्यांना बोलावलं. सतरा माणसं जमली. रंगरावांनी न सांगता ग्राइंडर बंद केला. जे चारचौघांत बोललो ते चारचौघांतच परत घ्यायला हवं होतं, आणि आता तर तिचे वडीलही समोर होते.

‘पेट्या गेल्या त्या दिवशी मी दीक्षाताईंना एक वाक्य बोललो होतो,’ मी म्हटलं. ‘तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. ते बोलायला नको होतं. माझं चुकलं. त्या दिवशी ही मुलगी माझ्यासारखी वागली असती, तर आज इथून काहीही कुठेही गेलं नसतं.’

रतनराव जमिनीकडे बघत होते. मी दीक्षाकडे वळलो.

‘तुम्ही म्हणाला होतात, आमच्यात काय असतं ते नंतर सांगते. ते राहिलंय. सांगा आता. मी ऐकतोय.’

तिने एकदा वडिलांकडे बघितलं. मग बॉक्स उघडून माझ्यापुढे धरला.

‘अभ्यास असतो, सर,’ दीक्षा म्हणाली. ‘घ्या, पेढा घ्या.’